आवाज चालू, स्लायडर बंद!

दिवाळीत यवतमाळला गेलो, तेव्हा काकांच्या जिनिंगमध्ये सरकी काढणाऱ्या मशिनचा आवाज रेकॉर्ड केला. रात्री लॅपटॉपवर, सुपरकोलायडरमध्ये, त्याचा झकास ट्रॅक जमवला. आणि ऐन वेळी स्लायडर हलेनात! मशिनचा लूप मात्र खडखडतोय. घाबरून लॅपटॉपच रिस्टार्ट केला. सेव्ह न केलेला कोड गेला.

मंडळी, ही घाई नडली. या सॉफ्टवेअरमध्ये कामं वाटलेली असतात. आवाज काढतो सर्व्हर. कोड चालवतो इंटरप्रिटर, स्लायडर आणि बटणंही त्याच्याच ताब्यात. मी लिहिलेली लूप संपतच नव्हती. इंटरप्रिटर त्यातच गरगरत बसला, मग स्लायडरकडे बघणार कोण? कोड लिहायची खिडकी मात्र वेगळी. ती जिवंतच होती!

तेव्हा असं झालं, तर आधी कोड सेव्ह करा, मग मेनूतून इंटरप्रिटर रीबूट करा. लूप 'फोर्क'मध्ये टाका, दर फेरीला 'वेट' द्या. तिथूनच स्लायडर हलवायचा, तर 'डिफर' लावा.

माझ्याकडे रेकॉर्डिंग आहे, ट्रॅक नाही. आणि काकांचा फोन येतोच, "आमचं गानं कवा आयकवतं, बाप्पा?"