दुखणे जबड्याचे, औषध कानाला



ऊस पिवळा पडला की आपल्यातले बरेच जण आधी युरियाचे पोते उघडतात, मग आमच्याकडे येतात. रानात जाऊन पाहावे तर कुठे चुनखडीत लोह कमी पडून केवडा झालेला, कुठे पाणी साचलेले, कुठे मुळाशी हुमणी. रंग एक, कारणे तीन. युरिया तर वाया जातोच, वर महिना हातचा जातो.

हीच चूक मागच्या गळीत हंगामात आम्ही स्वतःच्या जबड्याबाबत केली. कानाजवळ ठणकायचं, तोंड उघडताना कटकन वाजायचं. दोन महिने आम्ही कानात तेल सोडलं. शेवटी दंतवैद्यांनी कानापुढे बोटे ठेवून तोंड उघड-मीट करायला लावलं आणि विचारलं, "सुपारी किती खाता? झोपेत दात खाता का?" दोन्हींचं उत्तर आमच्या घरच्यांनीच दिलं! कानात काही नव्हतं. दुखत होता जबड्याचा सांधा आणि त्याचे स्नायू.

यात मोठे डॉक्टरही चकले आहेत. दाढा पडल्या की सांधा दबतो व कान दुखतो, असे अमेरिकेतील डॉ. कॉस्टेन यांनी १९३४ साली मांडले. ते पुढे टिकले नाही. आज तज्ज्ञ म्हणतात, कारण बहुधा एकच नसते. दात खाणे, मार, संधिवात, मनावरचा ताण, यांतली दोन-तीन एकत्र येतात.

आपल्या भागात मात्र आणखी एक फसगत होते. तोंड हळूहळू कमी उघडू लागले आणि तिखट झोंबू लागले, तर दोष सांध्याचा नसून सुपारी-गुटख्याने गालाची आतली त्वचा आवळत असण्याचा संभव मोठा. १९५२ साली केनियातील पाच भारतीय स्त्रियांत हा रोग नोंदला गेला, तेव्हा कारण अज्ञात होते. पुढे मिरचीवर आळ आला. खरी गुन्हेगार सुपारी निघाली. यातून पुढे कर्करोगही होऊ शकतो.

म्हणून आमचे मत असे, की आधी कारण, मग औषध. आपली तीन बोटे एकावर एक धरून तोंडात जातात का पाहा; तोडणीच्या गड्यांनाही पाहायला सांगा. जात नसतील तर थांबू नका. नांदेडला आणि लातूरला दंत महाविद्यालये आहेत, तिथे दाखवा.

राज्यात गुटख्याला २०१२ पासून बंदी आहे. पण सुपारी तर आपणच मानाने देतो. यंदा गव्हाणीत मोळी टाकताना तबकात बडीशेप फिरवावी, अशी संचालक मंडळाला आमची विनंती आहे.

— ऊस विकास अधिकारी