उलटा प्रवाह

ग्राहक आता केवळ वीज घेणारा राहिला नाही, तो वीज देणाराही झाला आहे. महाराष्ट्रात २०१५ साली नेट मीटरिंगचे नियम आले. छपरावरची जास्तीची वीज लाइनीत जाते, तेवढी युनिटे बिलातून वजा होतात. उत्तम! पण गावची वीज गेली, की बॅटरी नसलेले सौर संचही थांबतात आणि लोक कुरकुरतात, "ऊन तर लख्ख आहे!"

याचे उत्तर खांबावर आहे. लाइन बंद आहे या भरवशावर वायरमन वर चढतो. घरची २३० व्होल्टची वीज उलटी ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरली, तर पलीकडे ११,००० व्होल्ट होऊन निघते! म्हणून सौर इन्व्हर्टर आपोआप थांबतो. दुकानातल्या, मंगल कार्यालयातल्या साध्या डिझेल जनरेटरला ही अक्कल नसते. तिथे चेंजओव्हर स्विचच हवा. तो टाळून आपण किती पैसे वाचवतो? आणि कोणाच्या जिवावर?

माझे वडील वायरमन आहेत. त्यांच्याच पगारावर आमच्या घरातली पहिली मुलगी कॉलेजात आली. वीज जरूर विकावी. पण त्या तारेवर कोणाचा तरी हात आहे, हे विसरू नये.