विश्लेषण : वऱ्हाडच्या उन्हात रस्ता टिकतो कशाच्या जोरावर? डांबरातल्या रबर-पॉलिमरचं गणित

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गाचं नाव गिनीज बुकात गेलं. बडनेऱ्याहून अकोल्याकडे जाताना लागणाऱ्या लोणीपासून मूर्तिजापूर तालुक्यातल्या मानापर्यंत एका लेनवर सलग ७५ किलोमीटर डांबरी थर टाकण्यात आला, तोही १०५ तास ३३ मिनिटांत. ३ जूनच्या सकाळी सुरू झालेलं काम ७ जूनच्या संध्याकाळी संपलं. भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणासाठी ‘राजपथ इन्फ्राकॉन’ या कंपनीने ते केलं. त्याआधीचा विक्रम कतारमधल्या दोहाच्या नावावर होता. तिथे २०१९ मध्ये २५.२७५ किलोमीटरचा पट्टा दहा दिवसांत पूर्ण झाला होता.

विक्रमाच्या बातम्या, व्हिडिओ आणि अभिनंदनाचे मेसेज तेव्हा भरपूर फिरले. रस्ता किती वेगाने झाला, यावर बोलणं झालं. पण वऱ्हाडातला माणूस रस्त्याचं मोजमाप वेगळ्याच प्रश्नाने करतो : हा किती उन्हाळे आणि किती पावसाळे काढेल? या प्रश्नाचं निम्मं उत्तर रसायनशास्त्रात आहे. उरलेलं निम्मं रसायनशास्त्राच्या आवाक्याबाहेर आहे, आणि ‘रबरचा रस्ता’, ‘प्लास्टिकचा रस्ता’ अशा व्हायरल दाव्यांमध्ये नेमकं तेच सुटून जातं.

रस्त्यात डांबर असतं तरी किती?

विक्रमी कामाचेच आकडे पाहू. एकूण ३६,६३४ टन मिश्रण लागलं आणि त्यात डांबर होतं २,०७० टन. म्हणजे साधारण ५.६५ टक्के. बाकी ९४ टक्क्यांहून अधिक भाग म्हणजे गिट्टी आणि दगडाची भुकटी. ज्याला आपण डांबरी रस्ता म्हणतो, तो खरं तर दगडी रस्ता आहे. डांबराचं काम ते दगड एकमेकांना धरून ठेवण्याचं.

इथे एक खुलासा. काटेकोर अर्थाने डांबर म्हणजे कोळशापासून निघणारा काळा चिकट पदार्थ. रस्त्यावर आज वापरतात ते बिटुमेन, म्हणजे कच्च्या तेलाच्या शुद्धीकरणात सगळ्यात शेवटी उरणारा जड गाळ. बोलीभाषेत त्यालाच डांबर म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द वापरला आहे.

या सहा टक्क्यांहून कमी असलेल्या डांबरावर सगळी जबाबदारी असते. उन्हात ते फार मऊ पडता कामा नये, थंडीत कडक होऊन तडकता कामा नये आणि पावसात दगड सोडता कामा नये. साध्या डांबराला हे सगळं एकाच वेळी जमत नाही. पॉलिमर आणि रबराचा प्रवेश इथूनच होतो.

४५ अंशांच्या उन्हात काय घडतं?

अकोला-अमरावती पट्ट्यातला उन्हाळा वेगळा सांगायला नको. मे २०२४ मध्ये पारा ४५ अंशांच्या वर गेल्यावर अकोल्यात जिल्हा प्रशासनाने कलम १४४ लागू केलं होतं. हवेचं तापमान एवढं असतं तेव्हा काळा रस्ता त्याहून कितीतरी जास्त तापतो. पृष्ठभाग ६० अंशांच्या पुढे सहज जातो.

म्हणूनच भारतात डांबराची प्रत ठरवताना त्याचा घट्टपणा ६० अंशांवर मोजतात. ‘व्हीजी-१०’, ‘व्हीजी-३०’, ‘व्हीजी-४०’ ही नावं त्यावरूनच आली. आकडा जितका मोठा, तितकं डांबर गरम असताना अधिक घट्ट.

डांबर हा धड घन नाही आणि धड द्रवही नाही. झटक्यात दाब आला तर ते घन पदार्थासारखं वागतं. दाब बराच वेळ राहिला तर हळूहळू सरकतं. त्यामुळे भरधाव जाणाऱ्या ट्रकपेक्षा रांगेत रखडलेला ट्रक रस्त्याला जास्त त्रास देतो. सिग्नल, टोलनाका, उड्डाणपुलाचा चढ, एसटीचा थांबा अशा ठिकाणी डांबर चाकांखालून बाजूला सरकतं आणि दोन समांतर खोलगट पट्टे तयार होतात. बैलगाडीच्या काळापासून मराठीत त्याला चाकोरी म्हणतात. पावसाळ्यात याच चाकोरीत पाणी साचतं आणि दुचाकी घसरते.

यावर ‘मग घट्ट डांबरच वापरा’ असा सोपा उपाय सुचतो. तो अर्धाच चालतो. ऊन आणि हवेतला ऑक्सिजन यामुळे डांबर वर्षागणिक आपोआप कडक होत जातं. आधीच घट्ट असलेलं डांबर आणखी कडक झालं की लवचिकता जाते आणि रस्त्याला भेगा पडतात.

पॉलिमर नेमकं करतं काय?

रस्त्यांसाठी जगभर सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या पॉलिमरपैकी एक आहे ‘एसबीएस’, म्हणजे स्टायरिन-ब्युटाडाइन-स्टायरिन. शेल कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी हा पदार्थ विकसित केला आणि १९६५ मध्ये तो बाजारात आला.

त्याची रचना साधी पण हुशारीची आहे. प्रत्येक रेणू ही एक लांब साखळी असते. मधला भाग रबरासारखा ताणला जाणारा, तर दोन्ही टोकं कडक. ही टोकं ज्या पॉलिस्टायरिनची असतात, त्यापासूनच थर्माकोल बनतं. अशा असंख्य साखळ्यांची कडक टोकं एकमेकांजवळ येऊन गाठी बनतात आणि डांबरात एक लवचिक जाळं तयार होतं. चाक गेलं की जाळं ताणतं, चाक पुढे सरकलं की पुन्हा जागेवर येतं.

साध्या रबरात ही सोय नव्हती. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर याने गंधकाच्या साहाय्याने रबर पक्कं करण्याची पद्धत शोधली. पण असं पक्कं झालेलं रबर पुन्हा वितळत नाही. एसबीएसच्या गाठी मात्र सुमारे १०० अंशांच्या वर सैल होतात आणि थंड झाल्यावर पुन्हा बसतात. त्यामुळे प्लांटमध्ये ते गरम डांबरात मिसळता येतं, पेव्हरने पसरता येतं, आणि रस्ता निवला की जाळं आपोआप तयार होतं.

प्रमाण किती? सहसा डांबराच्या ३ ते ५ टक्के. वरच्या हिशेबाने एक टन मिश्रणात ५६ ते ५७ किलो डांबर आणि त्यात जेमतेम दोन-तीन किलो पॉलिमर. चाकोरी आणि भेगा रोखण्याची मोठी भिस्त या दोन-तीन किलोंवर असते.

पण पॉलिमर घालणं म्हणजे भाजीत मीठ घालणं नव्हे. डांबर फार तापवलं तर साखळ्या तुटतात आणि महागडं पॉलिमर वाया जातं. टाकीत न ढवळता ठेवलं तर पॉलिमर वेगळं होऊन वर येतं. कागदावर ‘पॉलिमर डांबर’ आणि रस्त्यावर साधंच डांबर, असं घडण्यासाठी दरवेळी भ्रष्टाचारच लागतो असं नाही. निष्काळजीपणाही पुरतो.

जुने टायर रस्त्यात कसे जातात?

दुसरा मार्ग टायरच्या भुकटीचा. अमेरिकेतल्या अॅरिझोना राज्यात फिनिक्स शहराचे अभियंता चार्ल्स मॅकडोनाल्ड यांनी १९६० च्या दशकात जुन्या टायरची भुकटी गरम डांबरात मिसळून रस्त्याच्या भेगा बुजवण्याचे प्रयोग केले. फिनिक्सचा उन्हाळाही ४५ अंशांच्या घरातला, त्यामुळे वऱ्हाडसाठी हे उदाहरण लागू पडणारं आहे.

टायरचं रबर गंधकाने पक्कं केलेलं असल्याने ते डांबरात वितळत नाही. त्याचे कण डांबरातलं तेल शोषून फुगतात, जसा भिजवलेला साबुदाणा फुगतो. फुगलेल्या कणांमुळे डांबर घट्ट आणि लवचिक होतं. टायरमध्ये असलेला कार्बन आणि इतर संरक्षक रसायनं डांबराचं उन्हाने होणारं म्हातारपणही लांबवतात.

शिवाय टायरची विल्हेवाट ही स्वतंत्र डोकेदुखी आहे. उघड्यावर जाळले तर विषारी धूर, साठवले तर पाणी साचून डास. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारने टायर उत्पादकांवर टाकाऊ टायरच्या पुनर्वापराची जबाबदारी टाकणारे नियम आणले. रस्ता हा त्या रबराचा एक उपयोगी शेवट ठरू शकतो.

आणि ‘प्लास्टिकचा रस्ता’?

ही पद्धत भारताची. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातले प्रा. राजगोपालन वासुदेवन यांनी ती विकसित केली. त्यासाठी २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. यात प्लास्टिक डांबरात नाही, तर थेट गरम गिट्टीवर टाकतात. पिशव्यांचे बारीक तुकडे वितळून दगडावर पातळ लेप बनतो आणि मग त्यावर डांबर चढतं. लेपामुळे पाणी दगडात शिरत नाही आणि डांबराची पकड वाढते.

नोव्हेंबर २०१५ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने ५ लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांभोवती ५० किलोमीटरच्या परिघात डांबरी रस्त्यांच्या वरच्या थरात टाकाऊ प्लास्टिक वापरण्याचं धोरण जाहीर केलं. २०११ च्या जनगणनेनुसार अमरावतीची लोकसंख्या सुमारे ६.४७ लाख आहे. महापालिका हद्दीतला बडनेरा आणि आजूबाजूची गावं या परिघात येतात.

मात्र प्लास्टिक म्हणजे सरसकट सगळं प्लास्टिक नव्हे. पिशव्यांचं पॉलिथिन चालतं, पाइप आणि फ्लेक्सचं पीव्हीसी चालत नाही, कारण तापवल्यावर त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा घातक वायू बाहेर पडतो. म्हणजे कचरा नीट वेगळा केला नाही, तर रस्त्याचं काम करणाऱ्या मजुराच्या फुप्फुसावर ते बेततं. शिवाय पिशवीच्या प्लास्टिकमध्ये एसबीएससारखी ताणून परत येण्याची ताकद नसते. ते रस्ता घट्ट करतं, लवचिक करत नाही.

इतकं सगळं असूनही खड्डे का पडतात?

कारण खड्डा बहुतेक वेळा उन्हाने नाही, पाण्याने पडतो. भेगेतून किंवा साइडपट्टीकडून पाणी आत शिरतं. वरून चाक गेलं की ते पाणी पिचकारीसारखं दाबलं जातं आणि दगडावरून डांबर सोलून काढतं. गिट्टी सुटते आणि खड्डा मोठा होतो.

वऱ्हाडात यात काळ्या मातीची भर पडते. कपाशीला मानवणारी ही माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्यावर नुसता रस्ता टाकला तर तो दरवर्षी खालून उचलला आणि खचवला जातो. उपाय म्हणजे ही माती पुरेशा खोलीपर्यंत काढून मुरूम भरणं किंवा चुना मिसळून तिला शांत करणं, आणि दोन्ही बाजूंना पाणी वाहून नेणाऱ्या नाल्या काढणं. वरच्या थरात कितीही उत्तम पॉलिमर असलं, तरी खालची माती हलली की तो फाटणारच. पाया खचलेल्या घराला प्लास्टर करून उपयोग नसतो.

एवढ्यावर पॉलिमर निरुपयोगी ठरत नाही. ते चाकोरी आणि भेगा रोखतं, आणि भेगा कमी म्हणजे पाणी शिरण्याच्या वाटा कमी. पण ते नालीचं आणि मुरुमाचं काम करू शकत नाही.

नागरिकांनी काय विचारावं?

गावात किंवा प्रभागात रस्त्याचं काम सुरू झालं की चर्चा होते ती किती कोटींचं काम आणि किती दिवसांत झालं याची. त्याऐवजी तीन प्रश्न जास्त उपयोगाचे आहेत.

पहिला, डांबर कोणत्या प्रतीचं? अंदाजपत्रकात ते लिहिलेलं असतं. ‘पीएमबी ७६-१०’ असं लिहिलं असेल तर ते पॉलिमर मिसळलेलं आणि रस्त्याच्या ७६ अंश ते उणे १० अंश तापमानासाठीचं डांबर. ‘व्हीजी-३०’ असेल तर साधं.

दुसरा, लवचिकतेची चाचणी झाली का? यात डांबराचा धागा ताणून मधोमध कापतात आणि तासाभरात तो किती मागे येतो ते मोजतात. साधं डांबर फारसं मागे येत नाही, पॉलिमरचं बरंचसं येतं. कागदावरचं पॉलिमर खरंच आत आहे का, हे या चाचणीतून कळतं. तिचा अहवाल माहिती अधिकारात मागता येतो.

तिसरा, पाणी कुठे जाणार? रस्त्याच्या कामात नाली आणि काळ्या मातीवरचा उपाय नसेल, तर पहिल्या दोन प्रश्नांच्या चांगल्या उत्तरांनाही फार अर्थ उरत नाही.

पुढे काय?

देशाला लागणाऱ्या डांबराचा मोठा हिस्सा आयात होतो, त्यामुळे पर्यायांचा शोध सुरू आहे. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरजवळ मनसर इथे राष्ट्रीय महामार्ग ४४ वर लिग्निनपासून बनवलेलं जैव-बिटुमेन वापरलेल्या पट्ट्याचं उद्‌घाटन झालं. पुण्याची ‘प्राज इंडस्ट्रीज’ आणि केंद्रीय रस्ते संशोधन संस्था यांचा हा प्रयोग आहे.

लिग्निन हेही पॉलिमरच, फक्त निसर्गाने बनवलेलं. झाडाच्या खोडाला ताठपणा देतं ते हेच. वऱ्हाडात कापूस वेचून झाल्यावर शेतात उभ्या राहणाऱ्या पऱ्हाटीतही ते भरपूर असतं, आणि आज ती पऱ्हाटी बहुतेक ठिकाणी चुलीत जाते किंवा धुऱ्यावर जाळली जाते. तिच्यापासून रस्त्यासाठी डांबर बनवणं परवडेल का, हे गोळा करण्याच्या आणि वाहतुकीच्या खर्चावर ठरेल. ते परवडलं, तर शेतकऱ्याला पऱ्हाटीचे चार पैसे मिळतील. पण त्या रस्त्यालाही काळी माती आणि पावसाचं पाणी चुकणार नाही.