जिन्यातला दिवा आणि अम्मींचे बटण

मी भाषा शिकवणारी शिक्षिका. विजेशी माझा संबंध बटण दाबण्यापुरताच. तरीही या महिन्यात विजेबद्दल लिहिते आहे, कारण गेल्या हिवाळ्यात एका बल्बमुळे अम्मींचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, पाय मुरगळला. खरे तर चूक बल्बची नव्हती, आमचीच होती.

आमचे घर जुने आहे. झोपायच्या खोल्या वर, मोरी आणि स्वयंपाकघर खाली, मध्ये तेरा पायऱ्यांचा जिना. जिन्याच्या दिव्याला एक बटण वर आणि एक खाली. खालून लावावा, वर जाऊन बंद करावा. वायरमन याला टू-वे म्हणतात. दोन बटणांमध्ये दोन तारा असतात. दोन्ही बटणे एकाच तारेवर आली की दिवा लागतो, वेगवेगळ्या तारांवर गेली की विझतो. म्हणून या बटणांना चालू-बंदची ठरलेली बाजू नसते.

माझ्या मुलाने तिथे फोनवर चालणारा बल्ब लावला. एका रात्री त्याने अंथरुणातूनच फोनवर दिवा बंद केला. फजरच्या आधी अम्मी वुजूसाठी उठल्या. सवयीप्रमाणे वरचे बटण दाबले. बल्ब फोनवरून विझवलेला होता, पण तारेतला वीजपुरवठा चालूच होता. बटण दाबल्याने उलट तोच तुटला. जिन्यात अंधार तो अंधारच. अम्मींना वाटले, लाइट गेली. भिंत धरून उतरल्या आणि शेवटची पायरी चुकली. अल्हम्दुलिल्लाह, हाड शाबूत राहिले, पण पंधरा दिवस पलंगावर काढावे लागले.

मुलगा ओशाळला. म्हणाला, "दादी, मी बटणांवर चिकटपट्टी लावतो, म्हणजे कुणी दाबणारच नाही."

अम्मी म्हणाल्या, "बेटा, तीस वर्षं माझा हात अंधारात ते बटण शोधतो. तुझा फोन मी कुठं शोधू?"

मोहल्ल्यातल्या वायरमन चाचांना बोलावले. ते म्हणाले, "बाजी, हुशारी बल्बमध्ये नको, बोर्डाच्या आत ठेवू." त्यांनी काडेपेटीएवढी एक डबी दाखवली. हीच स्मार्ट रिले. दिवा साधाच राहतो, बटणेही तीच राहतात. फरक एवढाच की बटणे आता दिव्याची वीज तोडत नाहीत, रिलेला फक्त इशारा देतात आणि दिवा रिले चालवते. फोनही तिलाच इशारा देतो. त्यामुळे शेवटचा हुकूम फोनचा असो की भिंतीवरचा, पुढच्या दाबाला दिवा बदलतोच.

चाचांनी आधी मेन बंद केला, टेस्टर लावून खात्री केली आणि मगच बोर्ड उघडला. आमच्याकडे फेज खालच्या बटणाला येतो आणि वरच्या बटणाच्या मधल्या टोकातून दिव्याकडे जातो. म्हणून रिले वरच्या बोर्डात बसवली. दिव्याकडे जाणारी तार बटणावरून काढून रिलेच्या आउटपुटला दिली. बटणाचे मोकळे झालेले टोक रिलेच्या स्विचच्या टोकाला जोडले. रिलेला स्वतःला कायम फेज आणि न्यूट्रल लागतो. शेवटी फोनवर अशी सेटिंग केली की बटण कुठल्याही बाजूला पडो, प्रत्येक दाबाला दिवा बदलावा. टू-वेसाठी ही सेटिंग नसेल तर सगळा गोंधळ होतो.

तुमच्याकडे हे करायचे असेल तर चाचांकडून समजलेल्या काही गोष्टी ध्यानात ठेवा.

जुन्या घरांत बटणाच्या बोर्डात बहुधा फेजच असतो, न्यूट्रल नसतो. ज्या बोर्डावर प्लग आहे तिथे तो मिळतो. न्यूट्रल नाही म्हणून अर्थिंगची तार वापरू नका. ते जिवावर बेतू शकते. दुसऱ्या लाइनचा किंवा इन्व्हर्टरचा न्यूट्रलही उसना घेऊ नका. फेज आणि न्यूट्रल एकाच एमसीबीच्या लाइनवरचे हवेत. जुन्या वायरिंगमध्ये तारांच्या रंगावर विसंबू नका, प्रत्येक तार तपासून घ्या.

काही रिलेंच्या स्विचच्या टोकाला फेज चालतो, काहींची त्यानेच राख होते. टू-वेच्या बटणातून फेजच येतो, तेव्हा सोबतचा कागद वाचूनच वस्तू घ्या. न्यूट्रलशिवाय चालणाऱ्या रिलेही मिळतात, पण त्यांवर छोटा एलईडी बंद असतानाही मिणमिणतो किंवा लुकलुकतो. बोर्डाची पेटी लोखंडी असेल तर वायफाय नीट पोहोचत नाही. आणि हे काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्या, व्हिडिओ पाहून मुलांना करू देऊ नका.

इंटरनेट बंद पडले तरी भिंतीवरची बटणे चालतात का, हे वायरमन घरात असतानाच राउटर बंद करून पाहा. लाइट जाऊन आल्यावर दिवा पूर्वीच्याच स्थितीत यावा, अशीही सेटिंग करून घ्या.

फोनचा उपयोग आम्हाला आता एवढाच. फजरच्या आधी ठरलेल्या वेळी जिन्यातला दिवा आपोआप लागतो आणि उजाडल्यावर विझतो. बाहेरगावी गेलो की संध्याकाळी तिथूनच लावतो.

काम झाल्यावर अम्मी काठी टेकत जिन्यापाशी आल्या. वरचे बटण दाबले, दिवा लागला. मला खाली पाठवून खालचे दाबायला लावले, विझला. पुन्हा वरचे दाबले, लागला.

"मग बदललं काय?" त्यांनी नातवाला विचारले.

"तुमच्यासाठी काहीच नाही, दादी," तो म्हणाला.

"मग ठीक आहे," म्हणाल्या आणि खोलीकडे वळल्या.