फोटोतलं पाणमांजर, फोटोबाहेरचं पाणमांजर

मुलाकडे सिंगापूरला असताना एका रविवारी सहा वर्षांची नात मला प्राणिसंग्रहालयात घेऊन गेली. मीच तिला नेलं असं आम्ही घरी सांगितलं, पण वाट तिला ठाऊक होती. १९७३ साली सुरू झालेलं हे प्राणिसंग्रहालय मंडाई नावाच्या भागात आहे. गजांऐवजी खंदक, पाणी आणि झाडी यांचा आडोसा करण्याबद्दल ते प्रसिद्ध आहे. नाव ऐकून मला पुण्याची मंडई आठवली आणि गर्दी पाहून ती आठवण पक्की झाली.

सर्वांत दाट गर्दी पाणमांजरांपुढे होती. ही लहान नखांची, जगातली सर्वांत छोट्या चणीची पाणमांजरं. पाण्यातून सरसर यायची, एकमेकांच्या अंगावर लोळायची, पुन्हा बुडी मारायची. एक मात्र उताणं पडून इवलासा गोटा या पंजातून त्या पंजात झेलत होतं. नातीने मोबाइल काचेला टेकवला. असं केलं की काचेतली आपली सावली फोटोत येत नाही आणि फ्लॅश बंद ठेवायचा, हे तिनेच मला शिकवलं. चाळीसेक फोटोंत एक अप्रतिम निघाला. तो दाखवत ती म्हणाली, "आजोबा, आपण एक घरी आणूया ना!"

आजूबाजूची माणसं हसली. मीही हसलो, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. लहान मूल असं म्हणतं तेव्हा तो हट्ट असतो. हजारो मोठी माणसं तेच म्हणू लागली की ती मागणी होते, आणि मागणी आली की बाजार येतोच.

फोटोवर किती विश्वास ठेवावा, हे मला बँकेने शिकवलं. ऐंशीच्या दशकात ग्रामीण विकासाच्या योजनेत म्हशीसाठी कर्ज दिलं की कर्जदार, म्हैस आणि तिच्या कानातला बिल्ला असा फोटो फायलीला लावावा लागे. एका गावातल्या तीन फायलींत एकच म्हैस निघाली. बिल्ला तेवढा बदललेला, कपाळावरचा पांढरा ठिपका तोच. तिन्ही फोटो खरे होते. म्हैस खरी, माणसं खरी, गोठाही खरा. खोटं होतं ते सगळं चौकटीच्या बाहेर.

त्या गोट्याचंच घ्या. पाणमांजर गोटा झेलतं, म्हणजे ते मजेत आहे, असं आपण धरून चालतो. इंग्लंडमधल्या एक्झिटर विद्यापीठाच्या संशोधकांनी बंदिस्त पाणमांजरांचा हा खेळ बारकाईने पाहिला आणि २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. पाणमांजरं भुकेली असताना गोटे जास्त झेलतात, असं त्यांना आढळलं. म्हणजे आपण ज्याला आनंद समजून फोटो काढतो, ती जेवणाची वाट पाहतानाची चुळबुळही असू शकते. फोटोत पंजे दिसतात, पोट दिसत नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर हा केवळ गमतीचा विषय होता. पण अशाच गोड फोटोंनी आणि चित्रफितींनी पाणमांजर घरात पाळण्याची हौस वाढवली. जपानमध्ये तर पैसे भरून पाणमांजराला गोंजारण्याचे कॅफे निघाले. २०१७ साली बँकॉकच्या विमानतळावर जपानला निघालेल्या एका प्रवाशाच्या सामानात पाणमांजराची दहा पिल्लं सापडली. सामानाच्या बॅगेत कोंबलेल्या पिल्लाचा फोटो कोणी भिंतीवर लावत नाही.

शेवटी २०१९ च्या ऑगस्टमध्ये जिनिव्हाला वन्यजीव व्यापारविषयक आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे लहान नखांचं आणि मऊ केसांचं अशा दोन्ही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारी देवघेवीवर बंदी आली. हे प्रस्ताव मांडणाऱ्या देशांत भारतही होता, याचा आपल्याला अभिमान वाटायला हरकत नाही. दोन्ही जाती आपल्याकडे आहेत. मऊ केसांचं पाणमांजर तर गोव्यात चोडण बेटाच्या खारफुटीतही राहतं.

मग फोटो काढूच नयेत का? तसं मी म्हणणार नाही. २०१६ साली मध्य प्रदेशात सातपुड्याच्या जंगलात लावलेल्या ट्रॅप कॅमेऱ्यांनी युरेशियन पाणमांजर टिपलं. मध्य भारतात ते आहे याचा हा पहिला छायाचित्रित पुरावा. कॅमेऱ्यामागे कोणी नव्हतं, कोणी 'अय्या, किती गोड' म्हटलं नाही. पण तिथल्या ओढ्याकाठी कोण राहतं, हे त्या फोटोने सांगितलं. एक फोटो प्राण्याला त्याच्या ओढ्याशी जोडतो, दुसरा त्याला आपल्या दिवाणखान्याशी. फरक कॅमेऱ्यात नाही, बघणाऱ्याच्या मनात आहे.

सिंगापूरकरांनी याची दुसरी बाजूही पाहिली आहे. १९७७ ते १९८७ अशी दहा वर्षं त्यांनी आपली नदी उपसून स्वच्छ केली. १९९८ च्या सुमारास मऊ केसांची पाणमांजरं त्या बेटावर पुन्हा दिसू लागली आणि पुढे भर शहरात कुटुंबं करून राहिली. कोणी विकत आणली नाहीत. पाणी सुधारलं, मासे आले, मागोमाग तीही आली. बंगल्यांच्या तळ्यातले महागडे मासे त्यांनी फस्त केले तेव्हा मालकांनी तक्रारीही केल्या. शेजारी म्हटला की एवढं चालायचंच.

परतताना बसमध्ये नातीला मी गोट्याची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ फोटो बघत राहिली. मग म्हणाली, "मग आजोबा, त्याला भूक लागली होती का?"

मला सांगता आलं नाही. पण घरी आणण्याचं मात्र तिने पुन्हा काढलं नाही.