विटाळ आपल्या घरातून केव्हा जाणार?

मराठीत 'विटाळ' हा एकच शब्द दोन ठिकाणी वापरला जात आला आहे. आमच्या आजोबांच्या स्पर्शाने गावातील सवर्णांना होत असे तो विटाळ, आणि आमच्या आजीला महिन्यातून चार दिवस येत असे तोही विटाळ. पहिला विटाळ आपण नाकारला. त्यासाठी आपली माणसे महाडला गेली, काळाराम मंदिरापुढे सत्याग्रहाला बसली आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धम्माच्या वाटेने निघाली. दुसरा विटाळ मात्र आपल्यापैकी अनेकांच्या घरात, आणि सांगावयास संकोच वाटतो, काही विहारांच्या पायरीवरही अजून नांदतो आहे. या स्मरणिकेत शाळेच्या गौरवाचे लेख पुष्कळ असतील. आम्ही एका न बोलल्या जाणाऱ्या विषयावर लिहू इच्छितो. संपादक मंडळाने त्यास अनुमती दिली, याबद्दल त्यांचे आभार.

आमचे बालपण नायगावच्या बीडीडी चाळीत गेले. आई परळच्या एका गिरणीत वाइंडिंग खात्यात कामाला होती. भोंगा झाला की निघायचे. आज तुझा कितवा दिवस, असे भोंग्याने तिला कधी विचारले नाही. पाळीच्या चारही दिवशी ती पाळीभर उभी राहून बॉबिनी भरत असे. तिच्या हातून गेलेल्या सुताचे कापड कोणाच्या देवघरात गेले की लग्नमंडपात, याची चौकशीही कोणी केली नाही. घरी आल्यावर मात्र तिने भिंतीवरील बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरीला हार घालायचा नाही, लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही, असा आजीचा दंडक होता. आजीला तो तिच्या सासूने घालून दिलेला. एका खोलीच्या बिऱ्हाडात वेगळे बसायला जागा कुठली? म्हणून आई दाराशी, चपलांच्या कडेला बसत असे.

१९८२ चा गिरणी संप सुरू झाला त्या वर्षी आम्हाला पाळी आली. घरात पगार येत नव्हता. आईने जुन्या लुगड्याच्या घड्या हाती दिल्या आणि आजीने तीन सूचना केल्या. कापड दुसऱ्या कपड्याखाली वाळत घाल, भावांना कळू देऊ नकोस, तसबिरीला शिवू नकोस. शरीरात काय होते आहे आणि का होते आहे, हे कोणी सांगितले नाही. उन्हाचे तोंड न पाहिलेल्या त्या दमट घड्यांनी मांड्या सोलवटून निघत. आज आठवते तेव्हा मांड्यांच्या आगीपेक्षा तिसरी सूचना अधिक टोचते. ज्यांनी आपल्याला माणसात आणले, त्यांच्याच तसबिरीपासून त्यांची लेक चार हात दूर!

इतिहासाचा अभ्यास करू लागलो तेव्हा आजीच्या दंडकाचे मूळ सापडले. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात कोणाच्या स्पर्शानंतर स्नान करून शुद्ध व्हावे, याची एक यादी आहे. त्या यादीत चांडाळ, रजस्वला, पतित, बाळंतीण आणि प्रेत एका ओळीत बसविले आहेत. आजोबा आणि आजी, दोघांनाही बाहेर बसविणारा श्लोक एकच आहे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जो ग्रंथ जाळला गेला, त्यात हा श्लोकही जळाला. आपण मात्र त्याची अर्धीच राख केली. चांडाळाला त्या यादीतून ओढून बाहेर काढले, रजस्वलेला तिथेच ठेवले.

अशा नियमांना कारणे पुरविण्याचे कामही झाले आहे. इंद्राने केलेल्या ब्रह्महत्येच्या पापाचा वाटा स्त्रियांनी घेतला आणि तो पाळीच्या रूपाने दिसतो, अशी कथा तैत्तिरीय संहितेत आहे. पाप केले इंद्राने, भोगायचे बायांनी! लालबाग-परळमध्ये गणपती बसतो त्याच्या दुसऱ्या दिवशी येणारी ऋषिपंचमी हे व्रत पाळीच्या काळात नकळत झालेल्या शिवाशिवीच्या दोषाचे प्रायश्चित्त म्हणून सांगितले आहे. शेजारच्या बायका ते करीत, म्हणून आपल्याही काही बायका करीत. याच महाराष्ट्रात चौदाव्या शतकात चोखोबांच्या पत्नी सोयराबाई यांनी आपल्या अभंगातून देहाच्या विटाळाचा प्रश्न उभा केला होता. विटाळापासून वेगळा असा देह दाखवा, हा तिचा रोख होता. दोन्ही विटाळ एकाच देहाने सोसलेल्या स्त्रीचा तो प्रश्न आहे, हे आपण विसरू नये.

शिवाशिव ही कोणत्या थराला जाऊ शकते हे गिरणगावाने पाहिले आहे. विणाई खात्यात कांडीवरचा दोरा धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढावा लागे. त्यावर अस्पृश्याची थुंकी लागेल, या भयाने आपल्या कामगारांना त्या अधिक मजुरीच्या खात्यात घेत नसत. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न लावून धरला. विटाळ हा मनाचा खेळ नसून त्यातून भाकरीचे आणि इभ्रतीचे वाटप ठरते, हे त्यांनी जाणले होते.

स्त्रीच्या देहाविषयी उघडपणे बोलणे बाबासाहेबांना कमीपणाचे वाटले नाही. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती-लाभाच्या विधेयकाला त्यांनी पाठिंबा दिला आणि पुढील वर्षी त्याचा कायदा झाला. गिरगावात १९२१ पासून संततिनियमनाचे केंद्र चालविणारे रघुनाथ धोंडो कर्वे यांच्यावर 'समाजस्वास्थ्य' मासिकातील मजकुराबद्दल अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा १९३४ साली त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना दिलेली उत्तरे हाच कर्व्यांचा गुन्हा होता. निकाल कर्व्यांच्या विरुद्ध गेला. परंतु अज्ञान झाकून ठेवण्यापेक्षा त्यावर प्रकाश टाकणे श्रेयस्कर, ही बाबासाहेबांची भूमिका आपल्यासमोर आहे. आपण त्यांचे नाव घेतो आणि पाळीचे नाव घेताना आवाज खाली आणतो, ही विसंगती नव्हे काय?

धम्माचे काय सांगणे आहे? संयुत्त निकायातील एका सुत्तात स्त्रीला भोगावी लागणारी आणि पुरुषाच्या वाट्याला न येणारी पाच दुःखे सांगितली आहेत. लहान वयात माहेर सोडणे, ऋतुमती होणे, गर्भ धारण करणे, प्रसूत होणे आणि पुरुषाची सेवा करावी लागणे, ही ती पाच होत. ऋतुप्राप्ती येथे दुःखात मोजली आहे. दुःखावर उपाय करायचा असतो, पापावर प्रायश्चित्त. दोहोंतील हे अंतर फार मोठे आहे. विनयात भिक्खुणींसाठी पाळीच्या दिवसांत वापरावयाच्या 'आवसथचीवर' या वस्त्राचा उल्लेख येतो. ते वापरावे, चौथ्या दिवशी धुवावे आणि गरज असलेल्या दुसरीला द्यावे, इतका सरळ तो व्यवहार आहे. संघाने या गोष्टीचा कापडाची सोय म्हणून विचार केला होता. थेरी सोमा यांना माराने स्त्रीच्या बुद्धीवरून हिणविले तेव्हा, चित्त समाहित असताना स्त्रीत्व आड कसे येईल, या आशयाचे उत्तर त्यांनी दिले. काही बौद्ध देशांतही पुढे स्त्रीच्या रक्ताला अपवित्र मानणाऱ्या रूढी शिरल्या, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. रूढी बौद्धांची असली म्हणजे ती बुद्धाची होत नाही.

अलीकडे दुसरे एक टोक दिसते. पाळी म्हणजे दैवी शक्ती, स्त्री म्हणजे साक्षात देवी, अशी भाषा सुशिक्षितांच्या तोंडी ऐकू येते. आसामात कामाख्येच्या मंदिरात अंबुबाची पर्वात देवी रजस्वला झाल्याचे मानून तीन दिवस दार बंद ठेवतात आणि नंतर लाखोंची गर्दी दर्शन घेते. देवीची पाळी पूजनीय ठरल्याने हाडामांसाच्या बाईवरील बंदी उठली, असे मात्र दिसत नाही. आमच्या मते स्त्रीला देव्हाऱ्यात बसविणे नको आणि दाराशीही बसविणे नको. गर्भाशयाचे अस्तर दर महिन्यास गळून पडते, त्याने निरोगी शरीराचे चक्र चालू राहते. ज्या देहात आपण सारे वाढलो त्या देहाची ही नित्याची क्रिया आहे. ती जशी आहे तशी जाणणे, तिचा त्रास होणाऱ्याविषयी करुणा बाळगणे आणि स्वतःच्या देहाची लाज न वाटणे, यालाच आम्ही या विषयातील आध्यात्मिकता समजतो.

'त्या दिवसांत बाईला विश्रांती मिळावी म्हणून पूर्वजांनी ही प्रथा घातली,' असे काही ज्येष्ठ सांगतात. त्यांचा हेतू वाईट नसतो. पण आईला गिरणीत विश्रांती मिळाली नाही आणि घरी चपलांजवळ मिळालेल्या जागेला विश्रांती म्हणता येत नाही. विश्रांती हवी असेल तर ती हक्क म्हणून मागता येते. बिहार सरकारने १९९२ पासून आपल्या स्त्री कर्मचाऱ्यांना महिन्यास दोन दिवसांची रजा दिली आहे, त्यासाठी कोणाला विटाळ मानावा लागला नाही.

संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली. २८ सप्टेंबर २०१८ च्या शबरीमला निकालात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी आपल्या स्वतंत्र निकालपत्रात पाळीच्या कारणावरून स्त्रीला दूर ठेवणे हाही अस्पृश्यतेचाच प्रकार असल्याचे म्हटले. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी भिन्न मत दिले आणि पुढे त्यातील काही प्रश्न मोठ्या पीठाकडे गेले. न्यायालयात काय ठरेल ते ठरो. ज्यांच्या पूर्वजांनी अस्पृश्यता अंगावर सोसली, त्यांना तिची ओळख पटावयास न्यायालयाची गरज का भासावी?

आता आपल्या वसतिगृहाकडे येतो. काही वर्षांपूर्वी, वर्षावासाच्या दिवसांत सायंकाळच्या वंदनेला सातवीतील एक मुलगी विहाराच्या पायरीवर बाहेर बसलेली दिसली. कारण आम्ही ओळखले, पण विचारले नाही. त्याच आठवड्यात तिच्या वर्गाला चवदार तळ्याचा सत्याग्रह शिकविला. तास संपता संपता तिने विचारले, "बाई, आपल्या हाताने तळे बाटते असे ते लोक म्हणायचे. मग मी आत आले तर बुद्ध बाटतात का?" तेवढ्यात टोल पडला आणि आम्ही उत्तर न देता वर्गाबाहेर पडलो. इतक्या वर्षांच्या नोकरीत आमच्या हातून झालेली ही सर्वांत मोठी चूक आहे, असे आम्ही मानतो.

अशा गप्प राहण्याची किंमत मुलीच मोजतात. जुलै २०२५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील शहापूर येथे एका शाळेत रक्ताचे डाग दिसले म्हणून मुलींचे कपडे उतरवून तपासणी केल्याचे प्रकरण सर्वांनी वाचले. आपल्या वसतिगृहातील कित्येक मुलींचे आईवडील दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. पाळीमुळे खाडा पडला तर पैसे कापले जातात, म्हणून बीड जिल्ह्यात अनेक मजूर स्त्रियांनी ऐन उमेदीत गर्भपिशव्या काढून टाकल्याचे २०१९ साली उघड झाले. त्यांच्या मुली आपल्या हवाली आहेत. आपण त्यांना काय शिकवून पाठविणार?

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आमची विनंती आहे. शाळेला कमान किंवा पुतळा देण्याआधी मुलींच्या स्वच्छतागृहात अखंड पाणी, आतून लागणारी कडी, झाकणाची बादली आणि कापड वाळविण्यास ऊन येणारी जागा द्या. पाचवीपासून मुली आणि मुले, दोघांनाही हा विषय नीट शिकविला जावा असा आग्रह धरा. वडिलांनी लेकीसाठी पॅडचे पाकीट आणावे आणि ते काळ्या पिशवीत लपवू नये. विहार समित्यांनी एकदा स्पष्ट सांगावे की, येथे येण्यास कोणत्याही दिवशी कोणत्याही स्त्रीला मनाई नाही.

पायरीवर बसलेली ती मुलगी आता संसाराला लागली असेल. ही स्मरणिका तिच्या हाती पडली तर तिने समजावे, की तिच्या प्रश्नाचे उत्तर तिच्या बाई उशिरा देत आहेत. नाही बाळ, बुद्ध बाटत नाहीत. तू आत यायला हवे होतेस, आणि आम्ही उठून तुझा हात धरून तुला आत आणायला हवे होते. तुझ्या लेकीला दाराशी बसवू नकोस.