रुग्णालयातील मूल आणि घरची माणसे

पोहरादेवीस रामनवमीच्या यात्रेत जे नवस फेडले जातात, त्यांत मुलांच्या प्रकृतीसाठी बोललेले नवसही असतात. जगदंबेपुढे व संत सेवालाल महाराजांच्या समाधीपुढे आई हात जोडून उभी असते आणि आजारातून उठलेले मूल तिच्या कडेवर असते. या श्रद्धेविषयी आम्हांस काही वाद घालावयाचा नाही. आज लिहावयाचे आहे ते नवस बोलणे आणि तो फेडणे यांच्या मधल्या काळाविषयी. मूल दूरच्या शहरी रुग्णालयात आणि घर मात्र इकडे गावी, असे महिनेच्या महिने, कधी वर्षेही, काढावी लागतात. तो काळ घराने कसा काढावा?

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि स्वतः रोगी. रोग्याच्या अंगी चार गुण असावे लागतात. स्मरण, सांगितलेले ऐकणे, निर्भयता आणि आपणास काय होते ते सांगता येणे. आता तीन वर्षांच्या मुलाच्या ठायी यांपैकी कोणता गुण शोधावा? ते औषध थुंकते, सुई पाहताच किंचाळते, आणि पोट दुखते की पाय, हेही त्यास धड सांगता येत नाही. काश्यपसंहिता हा बालवैद्यकाचाच ग्रंथ. त्यात न बोलणाऱ्या बालकाची वेदना त्याच्या हालचालींवरून कशी ओळखावी, यासाठी स्वतंत्र अध्याय योजला आहे. मुलाच्या आजारात हा एक पाद मुळातच लंगडा, त्यामुळे त्याचा भार परिचारकावर पडतो. परिचारकास शुश्रूषेचे ज्ञान, दक्षता, रोग्यावरील प्रेम आणि शुचिता हवी, असे चरक म्हणतो. यांतील ज्ञान, दक्षता आणि शुचिता रुग्णालयातील परिचारिकेपाशी आपल्यापेक्षा अधिकच असेल. परंतु मुलास ओळखू येईल असे प्रेम घरूनच न्यावे लागते.

ही गोष्ट पाश्चात्त्यांस पटावयास बराच काळ लागला. इंग्लंडातील कित्येक रुग्णालयांत पूर्वी आईबापांस मुलाची भेट आठवड्यातून ठराविक वेळीच मिळे. आई येऊन गेली की मूल रडते, त्यापेक्षा ती न आलेली बरी, असा समज होता. जेम्स रॉबर्टसन या गृहस्थांनी १९५२ साली एक चित्रपट काढला. दोन वर्षांची एक मुलगी लहानशा शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात राहते, एवढाच त्याचा विषय. त्यांचे म्हणणे असे की, आईपासून तुटलेले मूल प्रथम आक्रोश करते, मग खिन्न होते आणि शेवटी गप्प बसते. हे गप्प बसणे म्हणजे मूल रुळले, अशी वॉर्डातल्या माणसांची समजूत होई. वस्तुतः त्याने आशाच सोडलेली असे. पुढे १९५९ साली तेथील सरकारी समितीने आईबापांस मुलाजवळ मोकळेपणी येऊ द्यावे, शक्य तेथे आईस राहू द्यावे, अशी शिफारस केली. आपल्याकडे खाटेखाली चटई टाकून आई निजते, हा गरिबीचा देखावा म्हणून पुष्कळांस लाज वाटते. आम्हांस तशी लाज वाटत नाही.

तथापि आई एकटी किती दिवस निजणार? आठ दिवसांचा ताप असेल तर प्रश्न नाही. परंतु मुलांच्या रक्ताच्या कर्करोगाचेच घ्या. मूल फिकट पडते, ताप उतरत नाही, अंगावर निळे डाग उठतात, हाडे दुखतात म्हणून चालेनासे होते. बॉस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी १९४८ साली सोळा मुलांवर नव्या औषधाचा प्रयोग प्रसिद्ध केला, तेव्हा दहांस तात्पुरता उतार पडला, एवढ्याचेच जगास आश्चर्य वाटले. ते औषध ज्या प्रयोगशाळेतून आले, तेथील संशोधनाचे प्रमुख आंध्रातील भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव होते. आज संपन्न देशांत अशा दहा मुलांपैकी सुमारे नऊ बरी होतात. त्यांस दिल्या जाणाऱ्या औषधांपैकी एक तर आपल्या अंगणातील सदाफुलीपासून निघते. (हे वाचून कोणी सदाफुलीचा पाला वाटून मुलास पाजू नये, ती वनस्पती विषारी आहे आणि औषधाची मात्रा अत्यल्प असते.)

हा उपचार दोन ते तीन वर्षे चालतो, आणि खरा धोका येथेच आहे. पहिल्या महिन्याभरात बहुतेक मुलांच्या रक्तातील रोगाचे चिन्ह दिसेनासे होते. मूल खाऊ लागते, खेळू लागते. रोग मात्र लपलेला असतो, आणि औषध तेथेच थांबविले तर तो बहुधा उलटतो. उलटलेला रोग पहिल्यासारखा आटोक्यात येत नाही.

आमच्या परिचयाच्या एका घरी नेमका हाच प्रसंग आला. पाच वर्षांची नात महिन्याने गावी परतली. तिचे केस गळले होते. आजीने डोळ्यांस पदर लावला, मग स्वतःच म्हणाली, "दुसऱ्यांदा जावळ निघालं म्हणायचं." मुलगी ओसरीवर सागरगोटे खेळू लागली. घरात बोलणे निघाले, की देवीने ऐकले, नवस फेडावा आणि आता पोरीचे हाल पुरे करावेत. पैसा संपत आला होता, बापाची रजा संपली होती, आणि धाकटा मुलगा आईवाचून वाळला होता. त्यांचे काही चुकत होते असे नव्हे. माणसे थकली होती. त्या वेळी थोरल्या जाऊबाई धाकटीस म्हणाल्या, "नवस फेडू. पण दिलेल्या तारखेला तू पोरीला घेऊन जायचं. तुझा मुलगा माझ्या पंक्तीला जेवेल, माझ्याच कुशीत निजेल." त्या एका वाक्याने तारीख चुकली नाही. पुढे पाळ्या लागल्या. एकदा आई, एकदा आत्या, एकदा काका. आजोबांनी जमाखर्चाच्या वहीत मागील बाजूने दुसरे खाते उघडले : ताप किती, औषध कोणते, डॉक्टर काय म्हणाले, पुढची तारीख कोणती. पाळी बदलली की वही हातात. आज तिसरे वर्ष चालू आहे.

एकत्र कुटुंबाची थोरवी आपण लग्नकार्यात गातो. तिची परीक्षा अशा वेळी होते. त्याच एकत्र कुटुंबाचा एक दोषही येथेच दिसतो. भेटीस जाणे हे कर्तव्य समजून वीस-वीस माणसे वॉर्डात जातात, रडतात, आणि अमक्याचे मूल कसे गेले ते उशाशी बसून सांगतात. या औषधांनी रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतात, तेव्हा पाहुण्याचा साधा खोकलाही मुलास भारी पडतो. यात्रेच्या गर्दीत न्यावयाचे तर आधी डॉक्टरांस विचारावे. नकार मिळाल्यास नवस मुलाच्या वतीने बापाने फेडावा. ताप आला तर सकाळची वाट पाहू नये. ज्यास खरोखर मदत करावयाची आहे, त्याने डबा पोचवावा, रक्त द्यावे, किंवा गावी राहून गुरेढोरे पाहावीत.

खर्चाची सोय पूर्वीपेक्षा पुष्कळ बरी आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आता कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात. शिधापत्रिका जवळ असू द्यावी. रेल्वेच्या भाड्यात कर्करोगी व सोबती यांस सवलत आहे. आपल्या भागास नागपूर जवळ पडते. मुंबईस परळ येथे १९४१ साली सुरू झालेले टाटा रुग्णालय आहे. परंतु उतरावे कोठे? वऱ्हाडातील शेंडगावचे गाडगेबाबा यांनी हा प्रश्न ओळखला होता. त्यांचा मुलगा गोविंद १९२३ साली वारला, तेव्हा ती वार्ता त्यांस कीर्तनात असता कळली आणि त्यांनी कीर्तन थांबविले नाही. अशा पुरुषाने मुंबईत जे. जे. रुग्णालयापाशी रुग्णांच्या नातलगांसाठी धर्मशाळा उभारली. त्यांच्या नावाची दादर येथील धर्मशाळा आजही कर्करोग्यांच्या घरच्यांस आसरा देते. लहान मुलांच्या कुटुंबांसाठी सेंट जूड या संस्थेनेही २००६ पासून विनामूल्य निवास चालविले आहेत. तेथे आईस स्वतःच्या हाताने भाकरी थापता येते. रुग्णालयातील समाजसेवा विभागात चौकशी केली असता असे पत्ते मिळतात. संकोचाने पदपथावर रात्र काढू नये.

मुलास काय सांगावे, हा प्रश्न बहुतेक घरांत टाळला जातो. "सुई टोचणार नाही" असे सांगून आत नेले की मूल पुढे कोणावरच विश्वास ठेवीत नाही. दुखेल, थोडे दुखेल, मी हात धरून आहे, इतके सांगावे. त्यापेक्षा लहान मुलास अधिक कळतही नाही, आणि कमी सांगितल्यास ते फसविल्यासारखे होते.

राहता राहिली शाळा, आणि तो आमचा प्रांत. पुष्कळ दिवस गैरहजर राहिलेल्या मुलाचे नाव पटावरून कमी करण्याची काही ठिकाणी घाई असते. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलास शाळेतून असे काढता येत नाही. गुरुजींनी पाळीवर जाणाऱ्या माणसाबरोबर धडे पाठवावेत, वर्गातील मुलांकडून पत्रे लिहवून घ्यावीत. मूल परत येण्याच्या आदल्या दिवशी वर्गास सांगून ठेवावे की त्याच्या डोक्यावर केस नसतील आणि तो आजार शिवल्याने लागत नाही. त्याची बसावयाची जागा तोवर दुसऱ्या कोणास देऊ नये.